टीएचपी-१ पेशींपासून फुफ्फुसातल्या मॅक्रोफेजचं प्रतिरूप कसं तयार करायचं

फुफ्फुसाच्या वायुकोशांत मॅक्रोफेज, म्हणजे बाहेरून आलेलं गिळून टाकणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, कायम वस्तीला असतात. श्वासाबरोबर आलेली धूळ, जंतू आणि वापरून झालेलं सर्फॅक्टंट (वायुकोश उघडे ठेवणारा स्निग्ध थर) गिळणं हे त्यांचं काम. या पेशी थेट माणसाकडून मिळवायच्या तर ब्रॉन्कोस्कोपी करून फुफ्फुसाचा एक भाग सलाइनने धुवावा लागतो. त्याला नैतिकता समितीची मंजुरी लागते, फुफ्फुसतज्ज्ञ लागतो आणि तयार असलेला दाता लागतो. एवढं करून हाती आलेल्या पेशी प्लेटमध्ये फारशा वाढत नाहीत, आणि प्रत्येक दात्याच्या पेशी वेगळ्या वागतात. म्हणून बहुतेक प्रयोगशाळा सेल लाइनकडे, म्हणजे प्लेटमध्ये कायम वाढत राहणाऱ्या पेशींकडे, वळतात, आणि त्यांतही टीएचपी-१ कडे.

ही लाइन जपानमध्ये, सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात तयार झाली आणि १९८० साली तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. मूळ पेशी तीव्र मोनोसायटिक ल्युकेमिया झालेल्या एक वर्षाच्या मुलाच्या रक्तातल्या आहेत. म्हणजे ही पेशी रक्तातली आहे, फुफ्फुसातली नाही. आणि ती कर्करोगाची आहे. तिच्यात ९ आणि ११ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली आहे आणि पी५३ या ट्यूमर रोखणाऱ्या जनुकातला २६ बेसचा तुकडा गळालेला आहे. त्यामुळे डीएनएची इजा, पेशीचक्र किंवा पी५३ वर अवलंबून असलेला पेशीमृत्यू हा तुमचा प्रश्न असेल, तर ही लाइन घेऊच नका. भक्षण, सायटोकाइन (पेशींनी सोडलेली संकेत-प्रथिनं), इन्फ्लमासोम (आयएल-१बीटा बाहेर सोडायला लावणारी पेशीतली यंत्रणा) किंवा क्षयजंतूंचं पेशीत टिकून राहणं हे प्रश्न असतील तर ती उपयोगी पडते, पण नीट तयार केली तरच. पीएमए (या पेशींना मॅक्रोफेजकडे वळवणारं रसायन) दिलं, पेशी प्लेटला चिकटल्या, की वायुकोशातला मॅक्रोफेज झाला असं समजून शेकडो प्रयोग होतात. चिकटणं ही फक्त सुरुवात आहे.

पेशी आणि मीडिया

भारतात टीएचपी-१ पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनसीसीएसच्या, सेल रिपॉझिटरीतून मागवता येते. शेजारच्या प्रयोगशाळेतून फ्लास्क उसना आणणं सोपं वाटतं, पण तिचे किती पॅसेज (नव्या फ्लास्कमध्ये वाढवण्याच्या फेऱ्या) झालेत आणि तिच्यात मायकोप्लाझ्मा (अतिसूक्ष्म जिवाणू) आहे का, हे सहसा कोणालाच ठाऊक नसतं. कुठूनही आणली तरी पहिल्याच आठवड्यात दोन तपासण्या करून घ्या: एसटीआर प्रोफाइल (पेशी नक्की कोणत्या लाइनची हे सांगणारा डीएनएचा ठसा) आणि मायकोप्लाझ्मासाठी पीसीआर.

मीडिया असा बनवा. आरपीएमआय-१६४० च्या ५०० मिलिच्या बाटलीतून ५० मिलि काढून टाका आणि तेवढंच एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम) घाला, म्हणजे १० टक्के होईल. एफबीएस आधी ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून निष्क्रिय केलेलं असावं आणि त्यातलं एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) शक्य तितकं कमी असावं. स्वस्तातलं एफबीएस घेतलं की मॅक्रोफेज प्रयोगाआधीच चिडलेले असतात, आणि मग एलपीएसचा (मॅक्रोफेजना उत्तेजित करायला मुद्दाम दिलेल्या एंडोटॉक्सिनचा) परिणाम का दिसत नाही हे शोधण्यात महिना जातो. ग्लुटामिन २ मिलिमोलर, हेपीस १० मिलिमोलर आणि सोडियम पायरुव्हेट १ मिलिमोलर ठेवा.

या मीडियात २-मर्कॅप्टोइथेनॉल ५० मायक्रोमोलर लागतं. शुद्ध द्रव १४.३ मोलरचा असतो. त्यातले ३५ मायक्रोलिटर १० मिलि पाण्यात घातले की ५० मिलिमोलरचा साठा मिळतो. तो ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या आणि ५०० मिलि मीडियात त्यातला अर्धा मिलि घाला. हे काम फ्यूम हूडमध्येच करा. वास उग्र असतो आणि वाफ विषारी. हे रसायन मीडियात हळूहळू ऑक्सिडाइझ होतं, म्हणून महिन्याहून जुनी बाटली वापरू नका. ऑक्सिडेटिव्ह ताण मोजणार असाल तर प्रयोगाच्या मीडियात ते घालू नका, कारण ते स्वतःच अँटिऑक्सिडंटचं काम करतं.

गोठलेल्या पेशी जागवताना

टीएचपी-१ जागी व्हायला वेळ घेते. नळी ३७ अंशांच्या पाण्यात धरा आणि बर्फाचा छोटा खडा उरला की लगेच बाहेर काढा. पेशी १० मिलि कोमट मीडियात थेंबाथेंबाने सोडा. १५० जी वर ५ ते ७ मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. जास्त वेगाने फिरवलं तर जागताना कमकुवत झालेल्या पेशी फुटतात. पहिले काही दिवस एफबीएस २० टक्के ठेवा, आणि सुरुवात ५ मिलित, मिलिमागे ४ ते ५ लाख पेशींनी करा. दोन-तीन दिवस संख्या वाढणार नाही, मेलेल्या पेशींचा कचराही दिसेल. अशा वेळी फ्लास्क रोज हलवून पाहण्याचा मोह टाळा. आठवडा-दहा दिवसांत ट्रिपॅन ब्लूने (फक्त मेलेल्या पेशींत शिरणाऱ्या रंगाने) मोजलेल्या जिवंत पेशी ९० टक्क्यांवर गेल्या नाहीत, तर ती नळी टाकून दुसरी जागवणं शहाणपणाचं.

पुढे पेशींची घनता मिलिमागे २ ते ८ लाखांच्या दरम्यान ठेवा. २ लाखांखाली त्या रेंगाळतात, आणि १० लाखांवर गेल्या की काही आपोआप बदलू लागतात: तळाला चिकटतात, पृष्ठभागावरचं सीडी१४ हे प्रथिन बदलतं. एकदा अशी दाटी झालेला फ्लास्क नंतर पातळ करूनही पुढचे काही दिवस भरवशाचा राहत नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी ४ लाखांवर ठेवून सोमवारी यायचं, असं करू नका. शुक्रवारी २ लाखांवर आणून ठेवा. आठवड्यातून दोनदा मीडिया वाढवा किंवा बदला. २० ते २५ पॅसेज झाले की फ्लास्क टाका आणि सुरुवातीच्या पॅसेजची नळी बाहेर काढा. त्यासाठी पेशी पहिल्यांदा नीट वाढतील तेव्हाच १५ ते २० नळ्या गोठवून ठेवा: प्रत्येकीत ३० ते ५० लाख पेशी, ९० टक्के एफबीएस, १० टक्के डीएमएसओ, मिनिटाला १ अंश या गतीने उणे ८० पर्यंत, आणि तिथून द्रव नायट्रोजनमध्ये.

पीएमए दिलेलं नसतानाही पेशी तळाला चिकटताना दिसल्या, तर कारणं तीनच असतात: दाटी, एंडोटॉक्सिन किंवा मायकोप्लाझ्मा. मायकोप्लाझ्माने मीडिया गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात तो दिसतही नाही, पण मॅक्रोफेजवरचं टीएलआर-२ हे ग्राहक प्रथिन त्याला लगेच ओळखतं. म्हणजे तुम्ही काहीही न देता तुमच्या पेशी आधीच उत्तेजित असतात. महिन्यातून एकदा पीसीआर करा. दूषित फ्लास्क अँटिबायोटिकने वाचवण्यापेक्षा ब्लीच करून टाकून द्या.

पीएमए: किती आणि किती वेळ

पीएमए प्रोटीन काइनेज-सी ला चालना देतं. पेशींची वाढ थांबते, त्या चिकटतात, पसरतात आणि गिळू लागतात. त्याचं प्रमाण हा या पद्धतीतला सर्वांत वादाचा भाग आहे. प्रकाशित कामात ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिपासून, म्हणजे सुमारे ८ नॅनोमोलरपासून, २०० नॅनोमोलरपर्यंत सगळं सापडतं. जास्त दिलं की पेशी घट्ट चिकटतात, चित्रं छान येतात. पण पीएमए स्वतःच दाहाची जनुकं चालू करणारं एनएफ-कप्पाबी जागं करतं, टीएनएफ आणि आयएल-८ या सायटोकाइनचा पाया वर चढतो, आणि एलपीएस दिल्यावरचा फरक त्यात बुडून जातो. आमची शिफारस २५ नॅनोमोलर, ४८ तास. तुमच्या लॉटवर १०, २५ आणि ५० अशी तीन प्रमाणं एकदा तपासा, आणि सर्व पेशी चिकटवणारं सर्वांत लहान प्रमाण निवडा.

पीएमएचा रेणूभार ६१६.८ आहे. १ मिलिग्रॅमच्या कुपीत १.६२ मिलि डीएमएसओ घातलं की १ मिलिमोलर साठा होतो. तो १० मायक्रोलिटरच्या नळ्यांत वाटून, फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० ला ठेवा. एकदा वितळलेली नळी परत गोठवू नका. वापरताना एका नळीतले १० मायक्रोलिटर ९९० मायक्रोलिटर मीडियात मिसळा, म्हणजे १० मायक्रोमोलर होईल. हे द्रावण त्याच दिवशी, मिसळल्या मिसळल्या वापरा. पाण्यात गेलेलं पीएमए प्लास्टिकला चिकटतं आणि उरलेलं किती हे कळत नाही. हातमोजे घाला, कारण पीएमए ट्यूमर वाढवणारं रसायन आहे.

आता १२ खान्यांची एक प्लेट भरायची आहे असं धरू. दर खान्यात ५ लाख पेशी आणि १ मिलि मीडिया. थोडं जास्तीचं हाताशी असावं म्हणून १३ मिलि तयार करा. ६५ लाख पेशी सेंट्रिफ्यूज करून ताज्या मीडियात घ्या, त्यात १० मायक्रोमोलर पीएमएचे ३२.५ मायक्रोलिटर घाला, हळुवार मिसळा आणि खान्यांत वाटा. पीएमए आधी नळीत मिसळा, मग वाटा. खान्याखान्यात वेगवेगळं थेंबून घातलं की खाने एकसारखे येत नाहीत. २४ खान्यांच्या प्लेटला दर खान्यात २.५ लाख, ९६ खान्यांच्या प्लेटला ५० हजार, ६ खान्यांच्या प्लेटला १२ लाखांच्या आसपास. प्लेट इनक्युबेटरमध्ये नेण्याआधी हूडमध्येच १५ मिनिटं स्थिर राहू द्या, नाहीतर पेशी फिरून मधोमध गोळा होतात.

विश्रांती

४८ तासांनी पीएमएचा मीडिया काढून टाका, कोमट पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) दोनदा हलकेच धुवा, आणि पीएमए नसलेल्या मीडियात ७२ तास ठेवा. लोक हेच गाळतात. घाई असते, पेशी चिकटलेल्या दिसतात, आणि लगेच एलपीएस घातलं जातं. विश्रांतीत पीएमएमुळे चढलेला सायटोकाइनचा पाया खाली येतो, पेशी पसरतात, त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया आणि लायसोसोम वाढतात, आणि एलपीएसला मिळणारं उत्तर रक्तातल्या मोनोसाइटपासून बनवलेल्या मॅक्रोफेजच्या जवळ जातं. काही प्रयोगशाळा २०० नॅनोमोलर पीएमए तीन दिवस देऊन पाच दिवस विश्रांती ठेवतात. तीही पद्धत चालते, पण त्यात पेशी जास्त गळतात.

धुताना काही पेशी निघून जातातच. म्हणून सायटोकाइनचे आकडे 'मिलिमागे पिकोग्रॅम' एवढेच देऊ नका. खान्यातल्या डीएनएने किंवा प्रथिनाने भागा, नाहीतर सुटलेल्या पेशींचा फरक औषधाचा परिणाम म्हणून छापला जाईल.

फुफ्फुसाचे संकेत

वायुकोशातला मॅक्रोफेज ज्या संकेतांवर घडतो त्यांतले मुख्य जीएम-सीएसएफ आणि टीजीएफ-बीटा ही संकेत-प्रथिनं. जीएम-सीएसएफ मुख्यतः टाइप-२ एपिथेलियल पेशींकडून येतं आणि मॅक्रोफेजमध्ये पीपीएआर-गॅमा हे जनुकांवर नियंत्रण ठेवणारं प्रथिन चालू ठेवतं. याचा पुरावा एका आजारात दिसतो: ज्यांच्या शरीरात जीएम-सीएसएफविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, त्यांच्या मॅक्रोफेजना सर्फॅक्टंट पचवता येत नाही आणि वायुकोश त्याने भरून जातात. साध्या टीएचपी-१ ला यांतलं काहीच मिळालेलं नसतं.

म्हणून विश्रांतीच्या तीन दिवसांत जीएम-सीएसएफ २० नॅनोग्रॅम प्रति मिलि आणि टीजीएफ-बीटा-१ ५ नॅनोग्रॅम प्रति मिलि घालून सुरुवात करा. नवजात बाळांना देतात ते वासराच्या किंवा गाईच्या फुफ्फुसातलं सर्फॅक्टंट मिळत असेल, तर फॉस्फोलिपिडच्या हिशोबाने १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि घाला. रक्तातल्या मोनोसाइटवर सर्फॅक्टंट, जीएम-सीएसएफ, टीजीएफ-बीटा आणि आयएल-१० वापरून वायुकोशी मॅक्रोफेजसारख्या पेशी तयार करण्याची पद्धत २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. रक्त मिळत असेल तर टीएचपी-१ पेक्षा तो मार्ग बरा. सर्फॅक्टंट स्वतःच दाह दाबतं, त्यामुळे ते नियंत्रण खान्यांतही तितकंच हवं.

इथे आणखी दोन आकडे ध्यानात ठेवा. आरपीएमआयमध्ये ग्लुकोज ११ मिलिमोलर असतं, तर श्वासमार्गाच्या पृष्ठभागावरच्या द्रवात ते सुमारे ०.४ मिलिमोलर. साध्या इनक्युबेटरमध्ये ऑक्सिजन सुमारे १८ ते १९ टक्के असतो, वायुकोशात सुमारे १३. चयापचयाचा अभ्यास करत असाल तर हे सोडून चालणार नाही. सायटोकाइनच्या पहिल्या प्रयोगांत इतकं खोल जाण्याची गरज नाही.

पेशी खरंच बदलल्या का

चार गट ठेवा: न बदललेल्या पेशी, पीएमए देऊन विश्रांती नसलेल्या, विश्रांती दिलेल्या, आणि विश्रांतीसह फुफ्फुसाचे संकेत मिळालेल्या. सीडी११बी चढलं की पेशी मॅक्रोफेजच्या दिशेने गेल्या एवढंच कळतं. वायुकोशी स्वरूपासाठी सीडी२०६ आणि मार्को हे पृष्ठभागावर, तर पीपीएआर-गॅमा आणि एफएबीपी४ ही जनुकं किती चालू आहेत ते क्यूपीसीआरने पाहा. संदर्भ जनुक (तुलनेसाठी स्थिर मानलेलं जनुक) म्हणून एकटं जीएपीडीएच वापरू नका. सक्रिय मॅक्रोफेजमध्ये ग्लायकोलिसिस वाढतं आणि त्याबरोबर तेही हलतं. सोबत आरपीएलपी० सारखं राइबोसोमल जनुक घ्या.

फ्लो सायटोमेट्रीसाठी पेशी उचलताना ट्रिप्सिन टाळा, ते पृष्ठभागावरची प्रथिनं कापतं. थंड पीबीएसमध्ये ५ मिलिमोलर ईडीटीए, बर्फावर १० ते १५ मिनिटं, मग मऊ स्क्रेपर, किंवा अक्युटेज (पेशी हळुवार सोडवणारं एन्झाइमचं द्रावण). अँटिबॉडी घालण्याआधी एफसी ब्लॉक (अँटिबॉडी भलत्या जागी चिकटू न देणारं द्रावण) द्या. प्रत्येक गटाची न रंगवलेली नळी ठेवा, कारण फुगलेल्या मॅक्रोफेजची स्वतःची चमक न बदललेल्या टीएचपी-१ पेक्षा वेगळी असते.

भक्षणासाठी १ मायक्रॉनचे चमकणारे लॅटेक्स मणी, पेशीमागे १०, ३७ अंशांवर दोन तास. तसाच एक संच ४ अंशांवर ठेवा. थंडीत मणी पृष्ठभागाला चिकटतात पण गिळले जात नाहीत. दोन्हींतला फरक म्हणजे खरं भक्षण.

उत्तेजन

अतिशुद्ध एलपीएस १० नॅनोग्रॅम प्रति मिलि पुरेसं आहे. मीडियात सीरम ठेवा, कारण एलपीएस सीडी१४ पर्यंत पोचवणारं प्रथिन सीरममधूनच येतं. टीएनएफचा आरएनए तास-दोन तासांत आणि प्रथिन ४ ते ६ तासांत बघा. आयएल-१बीटा मोजायचं तर दुसरा संकेत लागतो: एलपीएस तीन-चार तास, मग निजेरिसिन (इन्फ्लमासोम चालू करणारं रसायन) १० मायक्रोमोलर एक तास. नुसत्या एलपीएसवर आयएल-१बीटा भरपूर बाहेर आलं, तर एक तर पेशी मरताहेत किंवा पीएमएची विश्रांती अपुरी आहे. आयएल-१० आणि आयएल-६ टीएचपी-१ मधून दात्याच्या पेशींइतकं येत नाही. ते शून्याजवळ आलं म्हणून प्रयोग फसला असं समजू नका.

क्षयजंतूंसाठी

पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या मीडियात क्षयजंतू सोडण्याची चूक आजही होते. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाचंच औषध आहे. जंतू घालण्याआधी निदान २४ तास अँटिबायोटिक नसलेला मीडिया द्या आणि तीनदा धुवा. एच३७आरव्ही हा रोगकारक वाण फक्त बीएसएल-३ (उच्च जैवसुरक्षा) प्रयोगशाळेमध्ये. पद्धत बसवण्यासाठी बीसीजी किंवा एच३७आरए हे सौम्य वाण घ्या. जंतूंचे गठ्ठे असतात, म्हणून २६ गेजच्या सुईतून दहा-बारा वेळा ओढा, मग कमी वेगाने फिरवून वरचा भाग वापरा. पेशीमागे एक जंतू, चार तास, मग तीनदा धुणं. ०, १, ३ आणि ६ व्या दिवशी ०.१ टक्के ट्रायटनने पेशी फोडून ७एच११ या क्षयजंतू वाढवणाऱ्या अगारवर पसरवा आणि तीन-चार आठवडे थांबा. ० व्या दिवसाची प्लेट चुकवू नका. किती जंतू खरोखर आत गेले हे तीच सांगते.

इतर पर्याय

यू-९३७ ही ३७ वर्षांच्या पुरुषाच्या लिम्फोमातली लाइन. पीएमएने तीही चिकटते. उंदराची (माउस) एमएच-एस आणि मोठ्या उंदराची (रॅट) एनआर८३८३ या खरोखर वायुकोशांतून आलेल्या लाइन आहेत, म्हणून जागेच्या बाबतीत टीएचपी-१ पेक्षा पुढे. पण उंदराचे मॅक्रोफेज इंटरफेरॉन-गॅमा आणि एलपीएसवर भरपूर नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, माणसाचे प्लेटमध्ये जवळजवळ नाही. जंतू मारण्याचा प्रश्न उंदराच्या लाइनवर सोडवून तो माणसावर लावू नका.

एपिथेलियमसोबत वाढवायचं असेल तर ट्रान्सवेलच्या (तळाला सच्छिद्र पडदा असलेल्या पेल्याच्या) ०.४ मायक्रॉनच्या पडद्यावर आधी ए५४९ किंवा एनसीआय-एच४४१ या फुफ्फुसाच्या एपिथेलियल लाइनचा थर बनवा, वरचा मीडिया काढून हवेला उघडा करा, आणि विश्रांती झालेले टीएचपी-१ थोड्या मीडियात वरून सोडा. पडदा घट्ट हवा असेल तर एच४४१ घ्या. ए५४९ चा थर गळका राहतो. पीएमए मात्र एपिथेलियमपर्यंत पोचता कामा नये, म्हणून टीएचपी-१ दुसऱ्या प्लेटमध्ये बदलून, धुऊन, अक्युटेजने उचलूनच आणा.

शोधनिबंधात आणि वहीत 'पीएमएने बदललेल्या टीएचपी-१' एवढंच लिहू नका. पीएमएचं प्रमाण नॅनोमोलरमध्ये, तास, विश्रांतीचे तास, पॅसेज क्रमांक, एफबीएसचा लॉट, मर्कॅप्टोइथेनॉल होतं का, मायकोप्लाझ्माच्या तपासणीची तारीख आणि दर चौरस सेंटिमीटर पेशी हे सगळं लिहा. यातला एकही आकडा गाळला तर दुसऱ्या प्रयोगशाळेला तुमचा प्रयोग पुन्हा करता येणार नाही.